नजर अधू, बोटं शाबूत: मोबाइलवर मराठी लिहायला बारा बटणांचा फोन बरा की पूर्ण कीबोर्ड?

कोर्टनाका_टंकलेखक (खारेगाव, कळवा)

नमस्कार मंडळी. इथं पहिल्यांदाच लिहितोय. जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला नीट मिळणार नाही.

१९८१ ते २०१२ मी ठाण्यात कोर्ट नाक्यावर टेबल टाकून टंकलेखन केलं. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वारसाचे अर्ज, सात-बाराच्या हरकती. एक मशीन मराठीचं, एक इंग्रजीचं. पक्षकार समोर बसून सांगायचा आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत टाइप करायचो. तीन कार्बन घातले असले तर बोट जरा जोरात मारायचं, एवढाच फरक. कळांकडे बघायची कधी गरजच पडली नाही. अक्षर कुठं आहे हे माझ्या डोळ्यांना कधी ठाऊक नव्हतं, ते बोटांना ठाऊक होतं.

आता वय ६८. दोन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. घरात वावरतो, तलावपाळीला एक फेरीही मारतो. पण ज्या अक्षरावर नजर रोखावी नेमकं तेच नाहीसं होतं, शेजारची दोन दिसत राहतात. ज्यांना हा त्रास आहे त्यांना हे लगेच कळेल.

लिहायचं कोणाला, तर माझ्या थोरल्या बहिणीला. अक्का पनवेलला असते, ७४ वर्षांची. तिला ऐकू येत नाही. कानाला मशीन आहे, पण फोनवरचे शब्द तिला लागत नाहीत. मला दिसत नाही, तिला ऐकू येत नाही, तेव्हा आमचं बोलणं म्हणजे मी लिहायचं आणि तिनं वाचायचं. तिचं उत्तर आलं की फोन मला वाचून दाखवतो. आईनंतर आम्ही दोघंच उरलोय. रोज रात्री नऊला आमचं हे चालतं.

आतापर्यंत काय काय करून पाहिलं ते सांगतो.

टच स्क्रीनवर मराठी कीबोर्ड लावला. काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत. बोट ठेवलं की ते अक्षर उमटलंच, चाचपायला वावच नाही. टाइपरायटरवर बोट कळीवर नुसतं टेकून राहायचं, दाबल्यावर अक्षर उठायचं. टेकणं वेगळं आणि दाबणं वेगळं. काचेवर हा फरक उरलेला नाही.

मुलगा म्हणाला, बोलून लिहा. तेही केलं. एका रात्री मी म्हणालो, ‘गोळ्या घेतोय, काळजी नको.’ गेलं काय, तर ‘गोळ्या घेत नाही, काळजी नको.’ अक्का रात्रभर जागी. सकाळी साडेसातला भाचा दारात उभा. तेव्हापासून मी बोलून पाठवलेल्या मजकुरावर तिचा विश्वास नाही आणि माझाही नाही. शिवाय बहिणीला जे लिहायचं ते घरभर मोठ्यानं बोलायला मला जमत नाही.

मग कपाटातला जुना बारा बटणांचा फोन काढला. त्यात मराठी आहे. एका बटणावर कवर्ग, एकावर चवर्ग, असं. बोटांना एकदम बरं वाटलं. बटण सापडतं, दाबलं की टक् होतं. पण ‘घर’ लिहायला घ साठी चार वेळा दाबा. न आणि म तर वर्गात शेवटी, म्हणजे पाच वेळा. मराठीत ‘मी’ आणि ‘नाही’ यांशिवाय एक वाक्य होत नाही हो. दोन ओळींना वीस मिनिटं लागली.

पुतण्यानं त्याचा जुना पूर्ण कीबोर्डवाला फोन आणून दिला, खाली इंग्रजी अक्षरांची सगळी बटणं असतात तो. बटणं तांदळाच्या दाण्याएवढी. माझं एक बोट तिघांवर पडतं. दोन्ही हातांची दहा बोटं चालवायची सवय असलेल्या माणसानं दोन अंगठ्यांनी लिहायचं, त्यात अक्षरं रोमन.

हे जे लिहितोय ते घरच्या कॉम्प्युटरवर. मुलानं त्यात टाइपरायटरसारखा रेमिंग्टन लेआउट टाकून दिलाय, म्हणून भराभर जमतंय. पण अक्का मोबाइलवर असते, आणि मलाही गॅलरीत, गावी, दवाखान्यात बसून लिहिता यायला हवं.

तर प्रश्न असा: बारा बटणांवरच हात बसवू, की पूर्ण कीबोर्डचा एखादा फोन मिळतो का ते बघू? पैसे दहा हजारांपर्यंत घालू शकतो. कोणी स्वतः वापरून सांगितलं तर उपकार होतील.

---

बटणवाला_गोखलेरोड

काका, नमस्कार. मी १९ वर्षं मोबाइल दुरुस्ती करतोय, आधी स्टेशनजवळ बाकडं होतं, आता गाळा आहे. हजारो कीपॅड उघडलेत, म्हणून आधी बटणांचं सांगतो.

तुम्हाला जो ‘टक्’ जाणवतो तो बटणाचा नसतो. बटणाखाली स्टीलची पातळ, घुमटासारखी चकती असते. दाबलं की ती आत बसते आणि सोडलं की उसळते, तेच बोटाला कळतं. ती चपटी झाली की बटण मेलं म्हणून लोक फोन टाकून देतात, पण अनेकदा चकत्यांची नुसती शीट बदलून काम होतं. तुमच्या जुन्या फोनचं पाचाचं बटण चाचपून बघा, त्यावर बारीक उंचवटा असेल. तो न बघता डायल करणाऱ्यासाठीच आहे. पाच सापडला की वर दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा.

पण एक सावध करतो. तुम्हाला कोणीतरी सांगेल की एकेका अक्षराला चार-चार वेळा कशाला दाबता, शब्द ओळखणारी सोय चालू करा, म्हणजे प्रत्येक अक्षराला एकदाच दाबायचं. तिला टी-नाइन म्हणतात. अमेरिकेतल्या टेजिक नावाच्या कंपनीनं नव्वदच्या दशकात आणली आणि जवळपास सगळ्या फोनमध्ये गेली. आम्ही कॉलेजात त्यावर बेंचखाली हात घालून मेसेज लिहायचो. पण आमच्या फोनांत तिचा शब्दकोश इंग्रजी. रोमनमध्ये ‘आई’ लिहायला २-२-४ दाबलं की समोर ‘बॅग’ यायचं. ‘ये’ लिहिलं की ‘वी’. मग खाली-खाली जाऊन आपला शब्द शोधायचा, नसला तर एकेक अक्षर लिहून साठवायचा. म्हणजे बोटाचं काम कमी झालं आणि डोळ्याचं वाढलं. तुम्हाला नेमकं उलटं हवंय. चार वेळा दाबून घ येणार म्हणजे घच येणार, ते न बघता मोजता येतं. फोननं शब्द ओळखायचा म्हटलं की बघावंच लागतं. बोलून लिहिताना तुमच्या गोळ्यांचं जे झालं तेही तेच. यंत्रानं अंदाज केला आणि तो तपासायला डोळे नव्हते.

पूर्ण कीबोर्डच्या जुन्या फोनसाठी बाजार हिंडू नका. ब्लॅकबेरीचे जे जुने, स्वतःच्या प्रणालीवर चालणारे फोन होते त्यांच्या सेवा कंपनीनं ४ जानेवारी २०२२ला बंद केल्या. अँड्रॉइडवर चालणारा ब्लॅकबेरी की-टू २०१८चा, त्यालाही आता जुनं सॉफ्टवेअर म्हणून अडचणी येतात. २०१८मध्येच जिओफोन २ हा २,९९९ रुपयांत पूर्ण कीबोर्डसह आला होता, पण त्याचीही बटणं तुम्ही म्हणता तशीच बारीक. ब्लॅकबेरीच्या बटणांना तिरका कंगोरा असायचा, अंगठ्याला एक बटण संपून दुसरं सुरू झाल्याचं कळायचं. तसं काम मी पुन्हा दुसऱ्या फोनमध्ये पाहिलं नाही. पण तेही अंगठ्यांसाठी होतं, तुमच्या दहा बोटांसाठी नव्हे.

---

सेक्टर९_वाशी

काका, मी जन्मापासून दृष्टिहीन आहे. वय ४१, वाशीला राहते, ठाण्याला नोकरी. रोज ट्रान्सहार्बरच्या गाडीत उभ्यानं मोबाइलवर लिहिते.

बटणवाल्या दादांनी अर्धी गोष्ट बरोबर सांगितली. उरलेली अर्धी मी सांगते. बटण सापडणं हा एक भाग. काय उमटलं ते तुम्हाला कोण सांगणार, हा दुसरा. साधे बारा बटणांचे फोन फार तर आकडे बोलतात. तुम्ही लिहिलेलं वाक्य ते वाचून दाखवत नाहीत, अक्कांचं उत्तरही वाचत नाहीत. माझा पहिला चांगला फोन नोकियाचा सिम्बियनवाला होता, त्यात टॉक्स नावाचं स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअर घातलं होतं. बारा बटणं आणि वाचणारा आवाज, दोन्ही एका फोनमध्ये. मी त्यावर कोणत्याही डोळस मैत्रिणीपेक्षा जलद लिहायचे. बटण दाबलं की कानात अक्षर. तो फोन बंद पडला तेव्हा मी खरंच रडले होते. आता तसे फोन सहज मिळत नाहीत, त्यामुळे आठवण काढून उपयोग नाही.

तुमचा टच स्क्रीनचा फोन टाकू नका. तुमचा फोन उत्तर वाचून दाखवतो म्हणताय, म्हणजे बहुतेक टॉकबॅक, अँड्रॉइड फोनमधली स्क्रीन वाचून दाखवणारी सोय, चालू आहे किंवा कोणीतरी दुसरी सोय लावून दिली आहे. टॉकबॅक पूर्ण चालू असेल तर काचेवर बोट टेकलं म्हणजे लगेच अक्षर उमटत नाही. बोट फिरवत राहायचं, ज्या अक्षरावर येईल ते कानात ऐकू येतं, हवं ते आलं की बोट उचलायचं. तुम्ही जे टेकणं आणि दाबणं म्हणालात ना, इथं ते टेकणं आणि उचलणं असं आहे. सेटिंगमध्ये याचे दोन-तीन प्रकार असतात, कोणाला तरी शेजारी बसवून बघून घ्या.

पण तुमच्याकडे माझ्याकडे नाही अशी गोष्ट आहे, ३१ वर्षांचा हात. तो काचेवर वाया घालवू नका. ब्लूटूथवर चालणारा, नेहमीच्या आकाराचा कीबोर्ड घ्या आणि याच फोनला जोडा. टॉकबॅक चालू असताना की दाबली की अक्षर कानात येतं, स्पेस दिला की शब्द येतो. हजार-दीड हजारांत मिळतो. फोन खिशात ठेवला तरी चालतो, स्क्रीनकडे बघायचंच नाही.

घेताना दोन गोष्टी पाहा. एक, पूर्ण सपाट चॉकलेटसारखा नको, प्रत्येक कीला कड हवी. दोन, दुकानात तुमच्याच फोनला जोडून मराठी उमटतंय का ते पाहा. सेटिंगमध्ये फिजिकल कीबोर्ड म्हणून जागा असते, तिथं लेआउट निवडायचा असतो, आणि कोणता फोन काय देतो हे सारखं नसतं. घरी आणून मग निराश होण्यापेक्षा तिथंच बघा.

आणि पणत्या रंगवायला जो थ्री-डी आउटलायनर मिळतो त्याचा एक ठिपका दोन्ही शिफ्टवर आणि बॅकस्पेसवर द्या. वाळला की उंच राहतो, महिनोन्महिने टिकतो. टिकल्या लावू नका, घामानं सरकतात.

---

टंकलेखन_वर्ग_नौपाडा

काका, तुम्ही कोर्ट नाक्यावर बसायचात म्हणजे कदाचित मी तुम्हाला पाहिलंही असेल. माझ्या वडिलांचा टंकलेखनाचा वर्ग होता, आता मी चालवते. मशिनं गेली, परीक्षा कॉम्प्युटरवर आली, पण ३० आणि ४० शब्दांचा वेग तोच आहे.

वाशीच्या ताईंचा सल्ला अगदी योग्य आहे. अडचण एकच येईल, फोनमध्ये रेमिंग्टन मिळणं कठीण. मिळालाच तर इन्स्क्रिप्ट मिळेल. तेव्हा तो शिकून घ्या असं मी मनापासून सांगेन. तुम्हाला तो वाटतो त्यापेक्षा सोपा जाईल.

हा लेआउट १९८६च्या सुमारास सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं भारतीय लिप्यांसाठी ठरवला. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. लिहिताना हात आलटून पालटून पडतात, त्यामुळे ताल धरतो. क च्या कीवर शिफ्ट धरलं की ख, ग वर घ, त वर थ, द वर ध, प वर फ. अल्पप्राणावर शिफ्ट म्हणजे महाप्राण. ल वर शिफ्ट म्हणजे ळ. कीबोर्डवर जे दोन उंचवटे असतात, एफ आणि जे वर, त्यांवर तर्जनी टेकवा: डावीखाली पहिली वेलांटी, उजवीखाली र. तिथून उजवीकडे सरकलं की क, मग त, मग च. तुम्ही बारा बटणांवर म आणि न ला पाच वेळा दाबत होता. वर्णमालेचे वर्ग उच्चाराच्या जागेवरून लावलेत, कुठलं अक्षर किती वेळा लागतं याच्याशी त्यांचा संबंध नाही. कीपॅडवर ती ओळ जशीच्या तशी चढवली की म मागे पडणारच. इन्स्क्रिप्टमध्ये म आणि न दोन्ही एकेका दाबात येतात.

तुमच्या हातांना दोन सवयी मोडाव्या लागतील. मशीनवर पहिली वेलांटी आधी मारून मग अक्षर मारायचो, कारण कागदावर ती आधी दिसते. इथं उच्चाराप्रमाणे, आधी अक्षर, मग वेलांटी. ‘किती’ म्हणजे क, वेलांटी, त, दुसरी वेलांटी. आणि मशीनवर अर्धा ग आणि काना मिळून ग व्हायचा, तो प्रकार इथं नाही. अक्षर पूर्णच येतं, अर्धं करायला मागून हलन्त द्यायचं. माझ्याकडे आलेल्या जुन्या टायपिस्टांना बाकी सगळं आठवड्यात येतं, वेलांटीला महिना लागतो.

एक छोटी माहिती, उपयोगी पडेल. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं बसतात, मराठीची ७०च. त्यातही काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘ठाणे’ म्हणजे चार, ‘स्टेशनला’ म्हणजे आठ. ‘मी ठाणे स्टेशनला पोहोचलो’ यातच मोकळ्या जागा धरून २४ संपतात. त्याहून लांब मजकुराचे तुकडे होतात. अक्कांना इंटरनेटवरून मेसेज पाठवत असाल तर ही काळजी नाही.

कळव्याहून नौपाड्यात येणं जमत असेल तर संध्याकाळी सहानंतर या, फी नको. सरावाची पहिली दहा पानं मी स्वतः बसून करून घेईन.

---

कोर्टनाका_टंकलेखक (खारेगाव, कळवा), पाच आठवड्यांनंतर

सगळ्यांचे आभार मानायला उशीर झाला. काम पूर्ण झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

ब्लूटूथ कीबोर्ड घेतला, १,३५० रुपये. वाशीच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे दुकानात माझाच फोन पुढे केला. पहिल्या दुकानात मराठी उमटलंच नाही. दुसऱ्या दुकानातल्या मुलानं वीस मिनिटं खटपट केली, फोन अद्ययावत केला, मग इन्स्क्रिप्ट दिसला. कीबोर्ड तिथूनच घेतला. घरी सूनबाईनं आउटलायनरचे तीन ठिपके दिले. डावी शिफ्ट, उजवी शिफ्ट, बॅकस्पेस. रात्रभर वाळू दिले.

पहिल्या दिवशी दोन्ही तर्जन्या त्या उंचवट्यांवर टेकवल्या आणि नुसता बसून राहिलो. मोबाइलवर लिहिताना पहिल्यांदाच हात आपल्या जागी आल्यासारखे वाटले. टेकलेत, पण काहीच उमटत नाहीये. मग उजवी दाबली आणि कानात ‘र’ आला.

नौपाड्याच्या ताईंकडे सहा वेळा गेलो. त्यांनी बजावल्याप्रमाणे वेलांटीनं छळलं. मी ‘किती’ लिहायचो, वेलांटी आधी पडून मागच्या अक्षराला चिकटायची. अक्कानं चार दिवस निमूट वाचलं आणि पाचव्या दिवशी लिहिलं, ‘तुला बरं नाही का? वेलांट्या इकडे तिकडे पडतायत.’ तिला सगळं समजावून लिहिलं तेव्हा तिनंच रोज माझ्या चुका काढून पाठवायला सुरुवात केली. लहानपणी माझं शुद्धलेखन तीच तपासायची. आता आठवड्याला चार-पाचच चुका निघतात.

बारा बटणांचा फोनही ठेवलाय. बटणवाले दादा, त्याची चकत्यांची शीट तुमच्याकडूनच बदलून नेली, तुम्ही मला ओळखलं नाहीत. बाहेर पडताना तो खिशात असतो. पाचाचा उंचवटा धरून मुलाचा नंबर लागतो. त्यावर मराठी लिहीत नाही. फक्त पोहोचलो की अक्काला ‘पोचलो’ एवढं पाठवतो, तेवढं मोजून जमतं.

गॅलरीत पाट घेऊन बसतो, पाटावर कीबोर्ड, फोन सदऱ्याच्या खिशात, एका कानात वायर. काल रात्री पाऊण तास लिहिलं. आईच्या हातची खांडवी, वाडीतली विहीर, असलं बरंच काही. बऱ्याच वर्षांत तिला एवढं लांब लिहिलं नव्हतं.

ताई, एक अडलंय. मशीनवर ‘ऱ्या’ साठी वेगळी कळ होती. इथं र, हलन्त, य केलं की ‘र्य’ होतो, ‘आर्य’ मधला. मला अक्काला ‘पायऱ्या’ लिहायचंय, तिच्या इमारतीची लिफ्ट बंद आहे. तो र कुठं आहे?

---

टंकलेखन_वर्ग_नौपाडा

काका, र च्याच कीवर शिफ्ट धरा, ठिपक्याची डावी शिफ्ट. तो ऱ वेगळा आहे. मग हलन्त, मग य, मग काना.

---

कोर्टनाका_टंकलेखक (खारेगाव, कळवा)

पायऱ्या. जमलं. तिला आत्ताच पाठवतो.